हात हलला तर?

कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्यावर साधारण माणूस काय करतो? किंमत विचारतो, झूम पुढं-मागं करून समोरच्या रसवंतीवाल्याचं नाक जवळ आणून बघतो आणि 'घरी विचारून येतो' असं सांगून जिना उतरतो. आमचे बिराजदार अण्णा यातलं काही करत नाहीत. ते कॅमेरा उजव्या हातात धरतात, डोळे मिटून क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं करतात आणि मग तो हात मनगटापासून थरथरवायला लागतात. टकटकटकटक. बेअरिंग गेलेला पंखा हलतो तसा, चांगला अर्धा मिनिट. मग कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते शूटिंग बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "नाही जमत. हात हलला तर?"

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मला वाटलं अण्णांना झटका आला. मी "पाणी, पाणी" म्हणून ओरडलो. दुकानाचे मालक रफिकभाई काउंटरला वळसा घालून धावत आले, पण ते अण्णांना धरायला नाही, कॅमेऱ्याला धरायला.

"नक्को चाचा! ऐसा नक्को हिलाओ, गिरेगा ना! क्या होना तुमको, एक बार बोल दो."

"हात हलला तरी चित्र हलायचं नाही, असा द्या," अण्णा शांतपणे म्हणाले.

तेव्हापासून नव्या पेठेतल्या त्या दुकानात एक पद्धत पडली. अण्णा जिन्यात दिसले की रफिकभाई सुतळी काढतात. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एक टोक, अण्णांच्या मनगटाला दुसरं टोक, आणि मगच कॅमेरा हातात. बाकीची गिऱ्हाइकं थांबून बघतात. एकदा एका बाईंनी विचारलं, कसला नवस आहे का?

अण्णा म्हणजे मल्लिनाथ बिराजदार. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळं राग आला की कानडी आणि एरवी आपली सोलापुरी मराठी. आमच्या शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. मी त्याच शाळेत इतिहास शिकवायचो, अजून शिकवतो. घरं एकाच कॉलनीत, भिंतीला भिंत लागून. त्यामुळं त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

शास्त्राच्या प्रयोगवहीत एक वाक्य असतं: तीन निरीक्षणे घ्या व सरासरी काढा. पोरं दहावी झाली की हे वाक्य विसरतात. अण्णांनी ते घरी आणलं. कलिंगड घ्यायचं तर तीन ठिकाणी टिचकी मारणार, कान लावणार, बाजाराला एक चक्कर मारून येणार आणि परत तीन टिचक्या. एकदा कलिंगडवाला वैतागून म्हणाला, "काका, कलिंगड हाय ते, दार न्हाय. आतून कुणी ओ देनार न्हाय." शाळेत हेडमास्तरांच्या खोलीतलं, स्टाफरूममधलं आणि प्रयोगशाळेतलं अशी तीन घड्याळं तीन वेळा दाखवायची. अण्णांनी काय करावं? सरासरी काढली आणि शिपायाला त्या वेळेवर घंटा द्यायला लावली. आठवडाभर शाळा सात मिनिटं उशिरा सुटत होती आणि कुठल्याच घड्याळात तशी वेळ नव्हती.

मुलगी बघायलासुद्धा तीनदा गेले होते. हे मला त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनीच सांगितलं. "पयल्यांदा पोहे खाल्ले न् गेले. दुसऱ्यांदा पोहे खाल्ले न् गेले. तिसऱ्यांदा आले तवा मी म्हटलं, पोहे संपल्यात, आता काय ते बोला. मंग बोलले."

"बरोबर आहे की," अण्णा म्हणाले. "पहिलं निरीक्षण घाईत चुकू शकतं."

"न् तिन्ही येळंला काय दिसलं?"

"तेच," अण्णा म्हणाले आणि चहा आणायला आत गेले.

हा चहा आणणं प्रकार मला काही वर्षांपासून खटकत होता. त्या घरात चहा अण्णाच करणार, अण्णाच आणणार आणि वहिनी पदरात हात गुंडाळून कॉटवर बसलेल्या. पूर्वी दारात त्यांची ठिपक्यांची रांगोळी असायची, अशी की पाय ठेवायला जीव होत नसे. ती बंद होऊन तिथं छापील रांगोळीचा कागद चिकटवला गेला. मी आमच्या घरात दोन-चार वेळा बोलूनही दाखवलं की वहिनींनी नवऱ्याला बरं कामाला लावलंय. आमच्या हिनं ते ऐकून एकदाच माझ्याकडं बघितलं होतं. मी त्या बघण्याचा अर्थ 'तुम्ही शिका काहीतरी' असा घेतला.

आता कॅमेरा कशाला पाहिजे ते सांगतो, कारण सगळं त्यावर आहे.

सुमनवहिनी जेऊरकडच्या. त्यांचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं तेव्हा त्या चौथीत होत्या. गाव वर माळावर सरकलं, तिथं ऊस आला, केळी आली, काठाला पाण्याच्या मोटारी आल्या आणि जुनं गाव खाली राहिलं. उन्हाळ्यात धरण उतरलं की मे सरता सरता ते पंधरा-वीस दिवस उघडं पडतं. उघडं पडतं म्हणजे घरांची जोती दिसतात, आडाचा काठ दिसतो, शाळेचा ओटा दिसतो. वहिनींच्या घराचं जोतं आणि दाराची दगडी पायरी अजून जाग्यावर होती. पुण्याकडं पाऊस झाला की पाणी चढतं आणि सगळं परत आत.

पण दर वर्षी कमी दिसायला लागलं होतं. गाळ चढत होता. घडीव दगड बघून लोक ट्रॅक्टरमध्ये घालून नेत होते. वहिनींचे भाऊ, सगळे त्यांना दादा म्हणतात, ते फोन करायचे, "सुमे, पानी उतरलंय, येऊन बघून जा. अजून दोन-तीन वर्सांनी पायरीबी दिसायची न्हाय." एका वर्षी त्यांनी फोनवर काढलेलं शूटिंगच पाठवलं. तीन मिनिटांपैकी दोन मिनिटं दादा स्वतः, मागं त्यांचा नवा ट्रॅक्टर आणि वरून डीजेचं गाणं. जोतं एकदा दिसलं, तेही ट्रॅक्टरच्या चाकाखाली.

वहिनींनी ते बघितलं आणि फोन पालथा ठेवला. "ह्यात माजं घर कुटं हाय? कुटं काय हुतं ते मलाच म्हाईत. दुसऱ्याला नुसते दगड दिसत्यात."

एवढीच त्या बाईची इच्छा होती. आपलं घर, जेवढं उरलंय तेवढं, एकदा नीट उतरवून घ्यायचं. अण्णांनी त्याच दिवशी जाहीर केलं, "कॅमेरा घ्यायचा. व्हिडिओचा, डिजिटल. पण गरज बघून घ्यायचा." आणि तिथं घोळ सुरू झाला.

आपल्याकडं माणसाला वैद्य, वकील आणि ज्योतिषी शोधावा लागतो, पण कॅमेऱ्यातले जाणकार घरी चालत येतात. चित्रकलेचे सर म्हणाले, सेन्सर मोठा बघा. पतसंस्थेतला एक जण म्हणाला, फोर के असल्याशिवाय घेऊ नका. का, ते त्याला सांगता आलं नाही, पण घेऊ नका. कोपऱ्यावरचा लग्नाचं शूटिंग करणारा आला आणि म्हणाला, "ड्रोन घ्या की अण्णा. ड्रोनशिवाय आता बारसं सुदीक होत नाही." इंटरनेटवर तर विचारूच नका. तिथली मंडळी 'नमस्कार मित्रांनो' म्हणून सुरुवात करतात, वीस मिनिटं खोकं उघडतात, आतली वायर बाहेर काढून तिचं कौतुक करतात आणि शेवटी सांगतात की तुमच्या गरजेप्रमाणं घ्या. अण्णांनी असे सगळे व्हिडिओ तीन-तीनदा बघितले आणि जुन्या प्रयोगवहीत नोंदी केल्या. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमानाची जागा प्रत्येक पानावर कोरी.

बघता बघता अण्णाच जाणकार झाले. कॉलनीत कुणालाही कॅमेरा घ्यायचा असला की पाय अण्णांच्या घराकडं वळायचे. अण्णा पहिला प्रश्न एकच विचारायचे, "गरज काय तुमची?" आणि समोरच्याला ती सांगता यायची नाही. मुलीचं नृत्य काढायचंय म्हणणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी पाऊण तास बसवून ठेवलं: स्टेज किती लांब, उजेड कुठून येतो, मुलगी नाचताना डावीकडं सरकते की उजवीकडं? गृहस्थ घरी गेले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलीचा नाच नीट बसून बघितला. कॅमेरा घेतला नाहीच.

माझंही झालं. मला मध्यंतरी वाटलं होतं की आपले इतिहासाचे तास इंटरनेटवर टाकावेत, जग वाट बघतंय. अण्णांकडं गेलो. "उभं राहून शिकवता की फिरून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसं काही ठरलेलं नसतं. झालं. निवृत्त माणूस, वेळच वेळ. सलग तीन दिवस माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांनी माझी पावलं मोजली. पोरं खूश. तिसऱ्या दिवशी निकाल दिला, "मास्तर, तुम्ही एका तासात वर्गाला चौसष्ट चकरा मारता. तुम्हाला कॅमेरा नको. खुर्ची घ्या."

दुसऱ्याची गरज अशी अचूक ओळखणारा माणूस स्वतःचा कॅमेरा मात्र घेईना. मी म्हणायचो, अण्णा, फोन आहे की खिशात. ते म्हणायचे, फोन पातळ. मुठीत बसत नाही. निसटतो. बटण काचेवर, बोट एकदा इकडं लागतं, एकदा तिकडं. त्यांच्या वहीत गरजा लिहिलेल्या होत्या आणि त्या ऐकून रफिकभाई कपाळावर हात मारून घ्यायचे. हाताला बांधायचा रुंद पट्टा पाहिजे. लाल बटण मोठं पाहिजे, आणि ते एकदाच दाबावं लागलं पाहिजे. फार हलका नको, जड तर नकोच. आणि सगळ्यात वर, दोन रेघा मारून: स्टॅबिलायझर. आमच्या सोलापुरात हा शब्द फ्रिजखालच्या डब्यापुरता. कॅमेऱ्यातला स्टॅबिलायझर म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, हे मला अण्णांनीच शिकवलं. सेन्सर नको, झूम नको, फोर के नको. फक्त हात हलला तर?

"अण्णा, तुमचा हात कुठं हलतोय?" मी एकदा म्हटलं. "प्रयोगशाळेत थेंबाथेंबानं आम्ल सोडायचा तुम्ही. दगडासारखा हात तुमचा."

"गरज बघून बोलावं माणसानं," अण्णा म्हणाले आणि वही मिटली.

पहिल्या वर्षी मेमध्ये एक कॅमेरा पास झाला. खरंच झाला. रफिकभाईंनी खोक्यात भरला, सुतळी सोडली आणि अण्णा म्हणाले, "उद्या येतो. एकदा घरी बघून येतो." दुसऱ्या दिवशी आले ते तोंड पाडून. परत कॅमेरा मागितला, परत थरथरवला आणि म्हणाले, "नाही, चुकलं माझं. इतक्यानं भागत नाही." शोध पहिल्यापासून सुरू. जूनच्या मध्याला पाणी चढलं. वहिनी मला म्हणाल्या, "दादाचा फोन आला हुता. गेलं म्हणं आत." एवढंच म्हणाल्या आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

दुसऱ्या वर्षी तेच. मला आठवतंय, त्या वर्षी अण्णांचं ते थरथरवणं जास्तच वाढलं होतं. पहिल्या वर्षी टकटक होतं, आता पार कॅमेरा इंच-इंच जागा सोडायचा. मी रफिकभाईंना डोळा मारून म्हटलंही, "वयोमानानं परीक्षा अवघड होत चाललीय." रफिकभाई हसले. अण्णांनी ऐकलं आणि पडद्यात डोकं घातलं. त्याही वर्षी एक कॅमेरा पास झाला, घरी बघून येतो झालं, आणि नापास झाला. पाणी आलं.

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी अण्णांच्या घरी गेलो, ते ओट्यापाशी चहा गाळत होते, वहिनी मंदिरात गेलेल्या. मी म्हटलं, "अण्णा, स्पष्ट बोलतो. तुम्हाला कॅमेरा घ्यायचाच नाहीये. तुम्हाला निवडायचाय फक्त. त्या बाईचं घर दर वर्षी बुडतंय आणि तुम्ही दुकानात उभं राहून हात हलवताय. लोक हसतात तुम्हाला. मीही हसतो."

अण्णांनी गाळणी ठेवली. कप अर्धाच भरला. त्या घरात कप नेहमी अर्धेच भरायचे, तेही मला कंजूषपणा वाटायचा. म्हणाले, "हौद री मास्तर. खरं आहे तुमचं." हौद म्हणजे हो. त्यांनी भांडावं म्हणून मी गेलो होतो आणि ते भांडले नाहीत, त्यामुळं माझाच चहा कडू झाला. बरेच दिवस आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांचा खोकला ऐकत होतो.

मग हे वर्ष आलं. धरण फार उतरलं. मेच्या सुरुवातीलाच दादांचा फोन आला की पायरीच्या शेजारचे दोन दगड कुणीतरी उचलून नेले, आता यायचं असेल तर या. हे मला वहिनींनी भिंतीवरून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी अण्णा माझ्या दारात. पायात चपला, बगलेत वही.

"मास्तर, दुकानात येता का? एक नवीन मॉडेल आलंय म्हणे. तुम्ही असला तर बरं. हसायला कोणीतरी ओळखीचं असावं."

मी मुकाट्यानं चपला घातल्या.

रफिकभाईंनी सुतळी बांधली. अण्णांनी डोळे मिटले. या वेळी त्यांनी जो हात हलवला तो निराळाच होता. वर-खाली, बोटं वेगळी, मनगट वेगळं, मध्येच एक हिसका. हा काही नुसता हलवलेला हात नव्हता, शिकून घेतलेला हात होता. पण मी इतिहासाचा माणूस, मला समोरचं उशिरा कळतं. अर्ध्या मिनिटानं ते थांबले आणि आम्ही तिघांनी पडद्यावर डोकी घातली. रस्त्यापलीकडची रसवंती दिसत होती. रसवाला जाग्यावर होता. चरक जाग्यावर होता. पाटीवरची अक्षरं वाचता येत होती.

"माशाल्ला," रफिकभाई म्हणाले.

"अजून दोनदा," अण्णा म्हणाले. दोनदा झालं. तिन्ही वेळा रसवंती जाग्यावर. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "साक," म्हणाले, म्हणजे पुरे. "हाच द्या. आजच द्या. उद्यापर्यंत थांबायला नको." रफिकभाईंनी ती सुतळी गुंडाळून खोक्यातच टाकली. म्हणाले, आता दुकानात ठेवून काय करू?

दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं जेऊरला उतरलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण तीन वर्षं हसलोय तर शेवट बघायचा माझा हक्कच आहे असं सांगून मी बॅग भरली होती. दादा जीप घेऊन आले होते. केळीच्या बागा मागं पडल्या, माळ उतरला आणि समोर मैलभर भेगाळलेला गाळ. पाणी पार लांब, एक रेघ तेवढी. मध्ये ठिकठिकाणी दगडांच्या ओळी. मला खरंच नुसते दगड दिसत होते.

वहिनी जीपमधून उतरल्या त्या सरळ चालायला लागल्या. वाट नाही, खूण नाही, पण पाय थांबत नव्हते. एका जोत्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली एक पायरी, मधोमध झिजलेली.

मला वाटलं आता अण्णा कॅमेरा काढतील, वहिनी बोट दाखवतील, अण्णा शूटिंग करतील. अण्णांनी कॅमेरा काढला, आणि वहिनींसमोर जाऊन म्हणाले, "हात दे."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं, दादांकडं बघितलं.

"दे गं. मास्तर घरचेच आहेत."

वहिनींनी पदरातून उजवा हात बाहेर काढला.

तो हात थरथरत होता. वर-खाली, बोटं वेगळी, मनगट वेगळं, मध्येच एक हिसका. मी तो हात तीन वर्षं बघितला होता. नव्या पेठेत, सुतळी बांधलेला, अण्णांच्या अंगाला लावलेला. तसाच, तेवढाच, त्याच वेगानं. आणि मी त्याला हसलो होतो. रांगोळी, अर्धा कप, पदरात गुंडाळलेले हात, आमच्या हिचं ते बघणं, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मला माझी लाज वाटली. सरळ सांगतो, तिथंच खाली बसावं इतकी लाज वाटली.

अण्णा पट्टा त्या हाताभोवती बांधत होते, जपून, पट्टा कातडीला लागतोय का बघत. माझ्याकडं न बघताच बोलले, "हिला दुकानात कसं नेणार, मास्तर? लोक हाताकडं बघतात. मग घरी बघून, मोजून जायचो. कॅमेरा पास व्हायचा, घरी यावं तर हात थरथरण्यात पुढं गेलेला असायचा. दर वर्षी थोडा. डॉक्टर म्हणाले, असंच होणार. म्हणून धावपळ."

"मला सांगायचं की अण्णा," मी म्हटलं.

"हिनं सांगितलेलं, कुणाला सांगू नका. आणि तुम्ही हसला तर बरंच होतं. माझ्या हाताला हसत होता."

"मला यील का हो?" वहिनी विचारत होत्या.

"लाल बटण. एकदाच दाबायचं. हात हलला तर हलू दे, मी सगळं बघून घेतलंय."

वहिनींनी बटण दाबलं आणि बोलायला लागल्या. पहिल्यांदा हळू, मग त्यांना आमचा विसर पडला. हितं दार. दाराला कडी हुती ती माझ्या हाताला पोचायची न्हाय. हितं आई भाकरी थापायची, हितं धूर जायाला भोक. ही म्हस बांधायची जागा. हितं मी पाटी फोडली हुती न् हितं लपले हुते. दादा, तुला आठवतंय का रं? दादा ट्रॅक्टरवाले, मिशांचे, त्यांनी नुसती मान हलवली आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं. वहिनी एकेका दगडापाशी थांबत होत्या आणि दगडांचं घर होत होतं. चूल कुठं होती ते आता मलाही सांगता आलं असतं.

सगळं फिरून झाल्यावर पायरीपाशी परत आल्या. "अहो, तुमी हुबं ऱ्हावा की हितं. जावई कवा आलाच न्हाय ह्या दारात."

अण्णा पायरीवर उभे राहिले. शर्टाची गुंडी लावली, हात शिवणीला लावले, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहायचे तसे. वहिनी शूटिंग करत राहिल्या. बराच वेळ करत राहिल्या, मला वाटतं गरजेपेक्षा जास्तच. मग बटण दाबून त्यांनी कॅमेरा पुढं केला.

"बघा तर. हललं का हो?"

अण्णांनी पडद्यावर हात धरून सावली केली आणि बघितलं. मीही त्यांच्या खांद्यावरून बघितलं. खरं सांगायचं तर हललं होतं. दार, चूल बऱ्यापैकी जाग्यावर होती, पण शेवटी, पायरीवर अण्णा उभे होते तिथं, चित्र चांगलंच हललं होतं. तिथं नुसता हात नव्हता, वहिनींना रडू आलं होतं. त्यापुढं कुठला स्टॅबिलायझर टिकणार?

मी वाट बघत होतो की अण्णा आता म्हणतील, अजून दोनदा.

अण्णांनी पडदा मिटला.

"नाही," म्हणाले. "जरासुद्धा नाही हललं."

आणि पट्टा सोडून त्यांनी तो हात आपल्या हातात धरला, जीपपर्यंत धरून ठेवला.